निवासी गल्लीत व्यापारी मल्टी येऊ घातली असेल तर

इंदूरच्या राजेंद्र नगर, वैशाली नगर, सुदामा नगर यांसारख्या वस्त्यांत एखादे जुने बैठे घर पाडले जाते, पत्र्याचे कुंपण लागते आणि थोड्याच दिवसांत कळते की तेथे दुकाने आणि उपाहारगृह असलेली मल्टी, म्हणजे बहुमजली इमारत, होणार आहे. संताप सगळ्यांनाच येतो, पण बैठका आणि नगरसेवकांच्या भेटी यांत महिना जातो व तोवर पाया भरून होतो. म्हणून हरकतीचा पहिला अर्ज पाया भरण्याआधी गेला पाहिजे. परवानगीपेक्षा जादा झालेले बांधकाम, शुल्क भरून, नियमित करून घेण्याची, म्हणजे कंपाउंडिंगची, सोय कायद्यात आहे आणि एकदा ते झाले की आपल्या हरकतीतला जोर ओसरतो.

प्रथम त्या भूखंडाचा भू-उपयोग पाहावा. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, 1973 अन्वये शहराची विकास योजना, म्हणजे आपला मास्टर प्लॅन, तयार होते. तिच्यात भूखंड निवासी आहे की व्यापारी, हे नगर तथा ग्राम निवेश, म्हणजे नगररचना, कार्यालयात समजते. कॉलनीचा मंजूर अभिन्यासही, म्हणजे लेआउटचा नकाशाही, तेथेच मागावा, कारण बागेसाठी राखलेल्या जागेवर बांधकाम होत असेल तर ते त्यातच दिसते. निवासी क्षेत्रातील प्रत्येक दुकान बेकायदेशीर नसते, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करावे. कोणता वापर चालेल आणि किती उंची मिळेल, हे बहुतेक रस्त्याच्या रुंदीवर ठरते. आमच्या गल्लीत आम्ही सकाळी सहा वाजता, गाड्या निघण्यापूर्वी, टेप धरून तीन ठिकाणी रस्ता मोजला, प्रत्येक मोजमापाचा टेपसकट फोटो घेतला आणि मग नकाशात दाखवलेली रुंदी त्याच्याशी ताडून पाहिली. पुढच्या साऱ्या पत्रव्यवहारात याच तीन फोटोंचा सर्वाधिक उपयोग झाला.

मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी आणि पार्किंगचा तपशील यांसाठी नगर निगमाकडे, म्हणजे महानगरपालिकेकडे, माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. शुल्क 10 रुपये असून उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. उत्तर न आल्यास पुढील 30 दिवसांत प्रथम अपील करावे. "ही त्रयस्थ व्यक्तीची माहिती आहे" असे उत्तर आले तर तेवढ्यावर परत फिरू नये, अपिलात तोच मुद्दा घ्यावा. या उत्तराची वाट पाहत हरकत मात्र थांबवू नये.

हरकतीचा अर्ज हिंदीत लिहावा, कारण कार्यालयाचे कामकाज हिंदीत चालते. आमच्याकडील ज्येष्ठांनी आधी मराठीत सुरेख मसुदा केला होता, पण हिंदी प्रत काढण्यात चार दिवस गेले. "आम्हांला त्रास होईल" या वाक्यावर अधिकारी काही करू शकत नाही. "भूखंडासमोरील रस्ता प्रत्यक्ष मोजला असता इतका मीटर भरतो, मंजूर नकाशात तो इतका दाखवला आहे, म्हणून स्थळ पाहणी करून तोवर काम थांबवावे" या वाक्याला त्याला लेखी उत्तर द्यावे लागते. सांडपाणी, बोअरिंगचे पाणी, अग्निशमन गाडीचा मार्ग यांपैकी जे मुद्दे दाखवता येतील तेवढेच घ्यावेत. प्रत झोन कार्यालयातील भवन अधिकाऱ्याला द्यावी आणि आवक क्रमांकाची पावती घेतल्याशिवाय तेथून उठू नये. दखल घेतली गेली नाही तर मंगळवारी कलेक्टर कार्यालयातील जनसुनवाईला, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीला, जावे आणि 181 वर सीएम हेल्पलाइनची तक्रारही नोंदवावी. ती तक्रार बंद करण्यास संमती द्या, असा फोन येऊ शकतो. काम प्रत्यक्ष झाले नसेल तर नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा.

सह्या घेताना घरमालकांइतकेच भाडेकरूही आपले मानावेत आणि मराठी घरांपुरते थांबू नये. सिंधी, माळवी, गुजराती शेजाऱ्यांच्या दारी आपणच जावे. वर्गणीची पावती द्यावी. मजुरांशी हुज्जत घालू नये, रस्ता अडवू नये आणि बिल्डरच्या जातीधर्माविषयी एक शब्दही उच्चारू नये, कारण अशा एका वाक्याने सगळी मेहनत वाया जाते. नोंदणीकृत संस्था नसली तरी हरकत घेता येते. पुढे संस्था करायची ठरली तर किमान सात सभासद लागतात.

न्यायालयात जाण्याची वेळ आली तर म. प्र. नगरपालिक निगम अधिनियम, 1956 च्या कलम 307(5) विषयी वकिलांना आवर्जून विचारावे. नियमांविरुद्धच्या बांधकामासाठी जिल्हा न्यायालयाकडे दाद मागण्याची वाट त्यात आहे. समोरचा पक्ष आपल्याविरुद्ध मनाई हुकूम आणेल अशी शंका असेल तर आधीच कॅव्हेट, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये असा अर्ज, न्यायालयात दाखल करावे. ते 90 दिवस टिकते, म्हणून संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. काम थांबवण्याची नोटीस निघाली तरी दर रविवारी त्याच कोपऱ्यातून फोटो काढत राहावे आणि पावत्यांचा एक संच दुसऱ्या घरीही ठेवावा.