दमास्कसच्या अजमी पद्धतीची रंगीत फळी पुण्यात कशी करावी

ऑटोमन काळात दमास्कसमधील सधन घरांच्या दिवाणखान्यांत भिंतींना लाकडी फळ्यांचे अस्तर असे आणि त्यावर उठावदार नक्षी काढून ती रंगवीत. या कामाला तिकडे अजमी म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १७०७ सालचा असा एक दिवाणखाना जतन केलेला आहे. चकाकणारा उठाव आणि त्याभोवतीची निस्तेज जमीन, म्हणजे पार्श्वभूमी, यांतील फरक हा या कामाचा प्राण आहे.

पुण्यात हे काम पावसाळ्यात मुळीच हाती घेऊ नये, कारण यात वापरायचा सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला डिंक, दमट हवेत लवकर वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. साधारण ३० सेंमी लांब आणि २० सेंमी रुंद, चांगली मुरलेली शिवणीची फळी घ्यावी. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात साग पाहून, वाड्यांच्या आठवणीने, त्याचाच मोह होतो. परंतु सागाच्या अंगी तेल असल्याने त्यावर सरसाची पकड नीट बसत नाही.

एक भाग सरस दहा भाग पाण्यात रात्रभर भिजवावा आणि सकाळी भांडे गरम पाण्यात ठेवून विरघळवावा. त्याला उकळी येऊ देऊ नये, नाहीतर त्याची ताकद जाते. फळीला या सरसाचा एक हात द्यावा. तो वाळल्यावर सरसात जिप्समची पूड कालवून पातळ लेपाचे दोन हात द्यावेत आणि पृष्ठभाग पॉलिशपेपरने घासून घ्यावा. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नये, कारण ते पाणी लागताच आवळू लागते.

फुलदाणी किंवा फळांची परडी हे अजमीतले नेहमीचे विषय आहेत. रांगोळीच्या छिद्रांच्या कागदाप्रमाणे चित्राच्या रेषांवर सुईने टोचून, वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की नक्षी फळीवर उतरते. आता लेप बासुंदीइतका दाट करावा आणि भरलेल्या कुंचल्यातून तो ओघळू देत रेषा उचलाव्यात. येथे घाई अजिबात करू नये. उठाव दोन-तीन मिलिमीटर पुरतो, आणि उन्हात किंवा पंख्याखाली वाळवल्यास तो तडकतो, म्हणून दोन दिवस सावलीत ठेवावा.

उठावावर कथलाचा वर्ख चिकटवावा. हा आपल्या कल्हईचाच धातू आहे. मिठाईवरचा चांदीचा वर्ख मात्र पुढे काळा पडतो. कथलावर लाल किंवा हिरव्या रंगाचे पारदर्शक व्हार्निश चढवले की ते रत्नासारखे झळकते. जमिनीसाठी अंड्याच्या बलकात थोडे पाणी आणि रंगाची पूड खलावी. जुने कारागीर हरताळ आणि हिंगूळ वापरत. ते विषारी असल्याने गेरू, पिवडी आणि नीळ यांवर भागवावे.

जमिनीवर व्हार्निश लावू नये. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्यानेच काढावी. ओल्या फडक्याने खालचा सरस पुन्हा सुटू लागतो.