या चुका टाळा : बाखचा व्हायोलिन-हार्पसिकॉर्ड सोनाटा बसवताना

जर्मन संगीतकार बाखच्या व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्डसाठीच्या सहा सोनाटांपैकी (बीडब्ल्यूव्ही 1014 ते 1019; हे बाखच्या रचनांच्या सूचीतले क्रमांक) एखादा बसवायला घेतलेले व्हायोलिनवादक नेहमी त्याच जागी ठेचकाळतात. पहिली चूक व्हायोलिन पेटीतून काढायच्या आधीच होते: नेटवरून फक्त व्हायोलिनचं पान उतरवून घ्यायचं आणि हार्पसिकॉर्डला (पियानोसारखं पट्ट्यांचं जुनं वाद्य) साथीला बसवायचं.

हार्पसिकॉर्ड इथे साथीला नाही. त्या काळच्या बहुतेक सोनाटांत हार्पसिकॉर्डवादकाला खालची ओळ आणि तिच्यावर कुठले सूर जोडायचे ते सुचवणारे आकडे एवढंच मिळे. उजव्या हाताचं तो स्वतः भरायचा. बाखने उजवा हात पूर्ण लिहून दिला. त्यामुळे व्हायोलिन, उजवा हात, डावा हात असे तीन आवाज बहुतेक भागांत बरोबरीने बोलतात, आणि तुमच्या पानावर त्यातला एकच असतो.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीने ए मेजर सोनाटा (1015) रेकॉर्डिंगबरोबर घोटून पाठ केला होता. हात तयार, सूर पक्का. तिसरा भाग कॅनन आहे: व्हायोलिनची ओळ थोड्या अंतराने हार्पसिकॉर्डचा उजवा हात म्हणतो, आणि खाली डावा हात तुटक सुरांत एकसारखा चालत राहतो. ही प्रत्येक वाक्याच्या शेवटी भावनेने लय ओढायची. पण आपलं वाक्य संपतं तेव्हा समोरच्याचं अजून मध्यावर असतं. हार्पसिकॉर्डवादकाबरोबरच्या तालमीत पुन्हापुन्हा सगळं कोसळलं. ‘सर, हे माझ्या मागे येतच नाहीयेत,’ ती वैतागून म्हणाली. मी तिला उजव्या हाताची ओळ गायला सांगितली. जमेना. ओळ तिचीच होती, पण मागून येताना तिने ती कधी ऐकलीच नव्हती. तालीम मी तिथेच थांबवली.

माझा शिरस्ता असा: उजव्या हाताची ओळ वहीत हाताने उतरवायची, व्हायोलिनवर बसवायची, आणि मगच आपली ओळ घ्यायची. ‘फोटो काढला तर चालेल का?’ नाही चालणार. लिहितानाच दुसरा आवाज श्वास कुठे घेतो ते कळतं. तेवढा धीर नसेल त्याने हे सोनाटा सध्या बाजूला ठेवावेत.

सूर लावताना फक्त ‘ए’ घेऊन बाकीच्या तारा शुद्ध पंचमांनी लावू नका. हार्पसिकॉर्डचे पंचम किंचित आखूड असतात, त्यामुळे तुमची ‘जी’ तार उतरलेली निघते. चारही तारा हार्पसिकॉर्डवरूनच लावा. त्याचा ‘ए’ 415 हर्ट्झवर, म्हणजे आजच्या नेहमीच्या 440 पेक्षा खाली, असेल, तर तारा आदल्या दिवशीच उतरवा; ऐन वेळी उतरवलेली तार स्थिर राहत नाही.

प्रत्येक सुरावर व्हायब्रेटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) नको. ताप भरल्यासारखे थरथरत वाजवणाऱ्यांवर लिओपोल्ड मोझार्टने (प्रसिद्ध मोझार्टचे वडील आणि व्हायोलिनशिक्षक) 1756 मध्येच टीका करून ठेवली आहे.

सी मायनरच्या (1017) अडाजिओत (संथ भागात) हार्पसिकॉर्ड त्रिकांत, म्हणजे तीन-तीन सारख्या सुरांच्या गटांत, चालतं; व्हायोलिन टिंबाच्या लयीत, म्हणजे एक सूर लांब, पुढचा आखूड. ती लय त्रिकांत मिसळायची की वेगळी ठेवायची, हे दोघांनी आधी बसून ठरवा. मी वेगळी ठेवतो.

राहिला आवाज. हार्पसिकॉर्डची तार छेडली जाते; पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज फारसा वाढत नाही. म्हणून कमी व्हायचं ते व्हायोलिननेच. एफ मायनरच्या (1018) अडाजिओत तुमच्याकडे भागभर दोन-दोन तारांचे जोडसूर आहेत, आणि धावती ओळ हार्पसिकॉर्डकडे. तिथे साथ तुम्ही करायची. शेवटच्या रांगेत फोन ठेवून रेकॉर्ड करा; उजवा हात ऐकू येत नसेल, तर बो (गज) आणखी हलका करा.