पाऊण मिनिटाची नोकरी

निवेदन शिकायला येणारी मुलं आधी आवाज ऐकवतात. भारदस्त, खर्जातला, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाचा तरी. मी म्हणते, आवाज राहू दे बाजूला. गाणं सुरू होण्याआधी नेमका कुठे थांबशील, तेवढं दाखव. तिथे सगळे गडबडतात. मे 2008 पर्यंत मीही गडबडलेच असते.

तेव्हा मी शिकायला इंग्लंडमध्ये, स्लाउला राहत होते. एका शनिवारी घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली, आज युरोव्हिजन आहे, ये. युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा. सर्बियातल्या बेलग्रेडहून अंतिम फेरी चालली होती, 25 गाणी, आणि बीबीसीवर टेरी वोगन समालोचन करत होते. मला हा गृहस्थ ठाऊकच नव्हता. बाईंचं मात्र गंमतीशीर होतं. गाणं लागलं की त्या चहा ठेवायला उठत आणि गाणं संपायच्या आत धावत येऊन खुर्चीत बसत. वोगन काय म्हणतात ते चुकायला नको!

या कामाची रचना नीट समजून घ्या. यजमान वाहिनी चित्र आणि सभागृहातला आवाज सगळ्या देशांना एकसारखाच पाठवते. समालोचक आपल्या छोट्या केबिनमध्ये पडद्यासमोर बसून त्यावर आपल्या भाषेत बोलतो. एक गाणं जास्तीत जास्त 3 मिनिटांचं, त्यात तोंड बंद. पुढच्या गाण्यासाठी रंगमंच सजेपर्यंत पाऊणएक मिनिटाची फिल्म दाखवतात, तेवढी जागा त्याची. म्हणजे 25 गाण्यांत मिळून वीसेक मिनिटं. बाकीचं मतमोजणीत. एवढ्याशा जागेत देश, गायक, एखादी माहिती आणि जमलाच तर एक चिमटा. आपल्याकडचा निवेदक तेवढ्या वेळात 'माय-बाप रसिकहो'पर्यंतच पोचलेला असतो.

वोगन यांचा जन्म 1938 चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. सुरुवात रॉयल बँक ऑफ आयर्लंडमध्ये. वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून अर्ज केला आणि आयरिश रेडिओवर उद्घोषक झाले. हे वाचून मला आपल्याकडचे, दिवसा बँकेत आणि संध्याकाळी आकाशवाणीवर जाणारे लोक आठवले. नोकरी सोडायची घाई करू नका, असं मी नव्यांना सांगते ते म्हणूनच. सुपाऱ्या लग्नसराईत आणि गणपतीत येतात, घरभाडं दर महिन्याला.

पुढे बीबीसी. 1972 पासून 1984 पर्यंत रेडिओ टूवर सकाळचा कार्यक्रम, मग टीव्हीवर आठवड्यातून तीनदा गप्पांचा कार्यक्रम. तो 1992 मध्ये बंद झाला आणि त्या जागी आलेली 'एल्डोराडो' ही मालिका वर्षभरात गुंडाळावी लागली. वोगन 1993 मध्ये निमूटपणे पुन्हा सकाळच्या रेडिओवर आले. लोकांच्या लेखी ही घसरणच. पण 2009 मध्ये त्यांनी तो कार्यक्रम सोडला, तेव्हा ऐकणारे 80 लाखांच्या आसपास होते. श्रोते किती, या प्रश्नावर 'एकच' असं ते म्हणत, असं सांगतात. मी माइकसमोर उभी राहिले की तिसऱ्या रांगेतली एक बाई शोधते, ती याच उत्तरामुळे.

चिमट्याबद्दल मात्र जपून. 2001 ची स्पर्धा कोपनहेगनला होती आणि तिथल्या दोन सूत्रसंचालकांनी सगळं निवेदन यमकांत केलं. (चारोळीप्रेमी मंडळींनी नोंद घ्यावी.) वोगन यांनी त्यांना 'डॉक्टर डेथ' आणि 'टूथ फेअरी' (पडलेला दात नेणारी परी) अशी नावं ठेवली. ब्रिटनमध्ये हशा, डेन्मार्कमध्ये संताप. मला आजही त्यात हसू येतं, पण तो विनोद त्यांना पचला, कारण समोरची दोघं मोठी, कॅमेऱ्याला सरावलेली माणसं होती.

माझा नाही पचला. इंग्लंडहून परतल्यावर एका तालुक्याच्या गावी बालगायकांच्या स्पर्धेत, डोक्यात वोगन ठेवून, मी एका मुलीच्या आडनावावर कोटी केली. टाळ्या पडल्या. मुलगी पहिल्या ओळीत सूर चुकली. तिची आई समोरच बसली होती, हसली नाही. कार्यक्रमानंतर संयोजकांनी पाकीट दिलं, पुढच्या वर्षी बोलावलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

बेलग्रेडच्या त्या रात्री ब्रिटनला 14 गुण मिळाले, तळाला. शेजारी देश शेजाऱ्याला गुण देतो, ही आता गाण्याची स्पर्धा राहिली नाही, या वैतागाने वोगन यांनी समालोचन सोडलं. 2009 पासून तिथे ग्रॅहम नॉर्टन बसतात. वोगन 2016 मध्ये गेले, तेव्हापासून नववं गाणं आलं की नॉर्टन त्यांच्या नावाने पेला उचलायला सांगतात. जागा दुसऱ्याला देताना कुरकुर नको, हे मला अजून नीट जमत नाही.

तुम्हाला मी एकच गृहपाठ देते. एखाद्या स्पर्धेची ध्वनिफीत घ्या, दोन गाण्यांमधलं निवेदन बंद करा, फोनवर 40 सेकंदांचा गजर लावा आणि बोला. गजर वाजल्यावर वाक्य अर्धं राहिलं असेल, तर पहिलं विशेषण उडवा, पुन्हा बोला. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रत्येक स्पर्धकाच्या घरी फोन करून नावाचा उच्चार विचारा. पलीकडून आई असेल तर पाच मिनिटं जास्त जातील, जाऊ द्या.