दोन राउटर असूनही नेट का बसतं? फेलओव्हर तपासायची रीत

धरणगावकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात मी हौसेनं दोन राउटर बसवले होते, दोन कंपन्यांच्या दोन लाइन. एक बंद पडला की तीन-चार सेकंदांत दुसरा उभा, यालाच फेलओव्हर म्हणतात. ऐन हंगामात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं फायबर तोडली आणि दुसरा राउटर ढिम्म. गाठींचा ट्रक काट्यावर, ई-वे बिल निघेना. शेठ म्हणाले, "भाऊ, मंग दोन-दोन कशाले घेतले?"

कपाट उघडलं तर फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा, पण त्यातून राउटरकडे येणाऱ्या केबलचा हिरवा दिवा मजेत लुकलुकतोय. राउटरच्या मते सगळं आलबेल! व्हीआरआरपी, म्हणजे दोन राउटरांत मालक कोण ते ठरवणारा नियम, ऑफिसच्या बाजूनं जोडीदार जिवंत आहे का, एवढंच ऐकतो. पुढची लाइन मेली हे त्याला आपणच सांगावं लागतं. तेव्हापासून मी तपासणी पुढच्या क्रमानं करतो.

आधी कागद घ्या आणि दोघांत सामाईक काय आहे ते लिहा. यूपीएस एकच? दोन्ही फायबर एकाच खांबावरून? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो, तेव्हा एकाच पत्र्याच्या कपाटातले दोन्ही डबे बरोबरच तापतात. स्टॅक केलेले (एकत्र जोडून एक केलेले) स्विचही दिसायला दोन, पण कारभार एकाचा. फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) बिघडलं तर दोघंही झोपतात.

मग चाचणी. राउटरची पिन उपसून टाळ्या वाजवू नका, ती परीक्षा सगळेच पास होतात. फायबरच्या डब्यातून फायबर काढा, डबा चालू ठेवा. लाइन बदलली नाही तर ट्रॅकिंग, म्हणजे बाहेरच्या लाइनवर नजर, लावायचं राहिलंय. राउटरला दर काही सेकंदांनी ८.८.८.८ आणि १.१.१.१ अशा दूरच्या दोन पत्त्यांना पिंग करायला (हाक मारून उत्तर येतं का बघायला) लावा आणि दोन्ही गप्प झाले तरच त्याची प्रायॉरिटी (मालक व्हायचा मान) जोडीदाराच्या खाली उतरवा. फायबरच्या डब्यालाच पिंग लावून बसू नका, तो तर घरातच आहे. हे पिंग पहिल्याच लाइननं जाईल असा स्टॅटिक रूट (हातानं बांधून दिलेली वाट) त्या राउटरवर हवा. नाहीतर ते दुसऱ्या लाइननं फिरून उत्तर आणतं, राउटरला वाटतं लाइन आली आणि दोन लाइनींत झोका सुरू. पण रूट असा बांधला की लाइन गेल्यावर त्या राउटरमागून हे पत्ते लागत नाहीत. म्हणून तेच पत्ते ऑफिसच्या संगणकांना डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून देऊ नका.

वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. विंडोजच्या पिंगमध्ये 'टाइम आउट'ची एक ओळ म्हणजे एक सेकंद नव्हे. तो मुळात चार सेकंद वाट पाहतो. व्हीआरआरपीची हाक मूळ सेटिंगमध्ये दर सेकंदाला जाते आणि तीन हाका चुकल्या की जोडीदार उठतो. सिस्कोच्या एचएसआरपीत (त्यांच्या अशाच नियमात) हाक ३ सेकंदांनी, धीर १० सेकंदांचा. ट्रॅकिंगचा वेळ यावर वेगळा. जुना स्पॅनिंग ट्री (स्विचांमधलं गोल फिरणं टाळणारी सोय) असेल तर स्विचचा मार्ग बदलायलाच ३० ते ५० सेकंद जातात.

चाचणी चालू असताना कुणाला तरी रिमोट डेस्कटॉपवर काम करत बसवा. ते तुटणारच. दुसऱ्या लाइनचा सार्वजनिक आयपी वेगळा, त्यामुळे पलीकडच्या सर्व्हरला आपण अनोळखी. राउटर कितीही महागडा घेतला तरी यातून सुटका नाही. व्हीपीएनचा बोगदाही नव्यानं बांधला जातो.

आता दोन राउटरांना जोडणारी केबल किंवा मधला स्विच तोडून बघा. ही चाचणी सुट्टीच्या दिवशी. एकमेकांची हाक ऐकू येईनाशी झाली की दोघेही स्वतःला मालक समजतात आणि एकाच गेटवेचा (ऑफिसातून बाहेर पडायच्या दाराचा) पत्ता दोघे सांगतात. निम्मे संगणक चालतात, निम्मे नाहीत आणि दोष मात्र संगणकांवर जातो. मधे एकाऐवजी दोन वाटा ठेवा.

शेवटी पहिला राउटर परत चालू करा आणि घड्याळ सोडू नका. व्हीआरआरपीत कारभार परत घेण्याची मुभा मुळातच चालू असते. राउटर उठताच गादी बळकावतो, त्याची बाहेरची लाइन अजून लागलेली नसते आणि नेट दुसऱ्यांदा जातं. त्याला दोनेक मिनिटं थांबायला सांगा किंवा ती मुभाच बंद करा.

मोजलेल्या वेळांचे आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मुनीमजींनाही सांगून ठेवा: बिल करताना नेट गेलं तर पुन्हा लॉगिन करायचं, बिल निघालंय का ते यादीत बघायचं आणि मगच परत बटण दाबायचं.