भूकंपानंतर गावात सर्व्हे कसा करायचा: सरकारी खात्यात नव्याने आलेल्या जिओलॉजिस्टसाठी

एमएस्सी जिओलॉजीची पोरंपोरी विचारतात की भूकंपाचं काम म्हणजे नक्की काय, दिवसभर सिस्मोग्राफसमोर बसायचं का. तर नाही. आधी एन्ट्रीचं पटकन सांगतो: जीएसआयमध्ये, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात यायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, म्हणजे प्रिलिम, मेन्स आणि इंटरव्ह्यू. दिल्लीचं नॅशनल सेंटर फॉर सिस्मॉलॉजी हे वेगळं प्रकरण, ते पृथ्वी विज्ञान मंत्रालयाखाली येतं, भूकंप झाला की मॅग्निट्यूड (भूकंपाची एकूण ताकद) आणि केंद्रबिंदू तेच जाहीर करतात, आणि तिथली भरतीही वेगळी. सिलॅबस वगैरे सगळं यूपीएससीच्या साइटवर आहे, त्यात वेळ घालवत नाही.

आता मुद्द्याचं. मॅग्निट्यूड यंत्र सांगतं, पण कुठल्या गावात जमीन किती हलली हे सांगायला माणूसच जावा लागतो, त्याला इंटेन्सिटी म्हणतात आणि त्यासाठी आपल्याकडे एमएसके-64 स्केल वापरतात, म्हणजे माणसांना काय जाणवलं आणि घरांचं काय झालं यावरून हादऱ्याला आकडा द्यायचा. मॅग्निट्यूड एका भूकंपाला एकच, इंटेन्सिटी मात्र गावागणिक वेगळी. हे काम किती महत्त्वाचं ते किल्लारीवरून कळतं, 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारच्या जरा आधी तिथे 6.2 च्या आसपासचा भूकंप झाला, आणि तोवर तो भाग नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता! भूकंपरोधक बांधकामाच्या 2002 च्या कोडमध्ये झोन एक काढूनच टाकला.

गावात पोचलात की आधी सरपंच, पोलीस पाटील किंवा तलाठ्याला भेटा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही नुकसानभरपाईच्या पंचनाम्याला आलेलो नाही. हे नाही सांगितलं तर दहा वर्षांपूर्वीची भेगसुद्धा कालची म्हणून दाखवतात, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही, सरकारी गाडी बघून कोणीही तेच समजेल. भेग जुनी की नवी हे मात्र तुम्हालाच ओळखायचंय. जुन्या भेगेत धूळ, कोळ्याची जाळी, कधी आतपर्यंत गेलेला चुना सापडतो, कडा झिजलेल्या असतात. नवीची कड धारदार आणि आतला रंग ताजा. फोटो काढताना शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा, नाहीतर ऑफिसात कोणालाच अंदाज येत नाही की भेग केसाएवढी होती की बोट जाईल एवढी.

नुकसान लिहायच्या आधी घर कसलं आहे ते लिहा. एमएसकेमध्ये दगडमातीची आणि कच्च्या विटांची घरं ए टाइप, साध्या भाजक्या विटांची बी, आरसीसीची सी. मराठवाड्यातलं जाड दगडी भिंतींचं, वर मातीचं माळवद असलेलं घर पडलं म्हणजे हादरा प्रचंड होता असं लगेच नका लिहू, ते घर मध्यम हादऱ्यातही पडू शकतं, किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः अशा घरांखाली. स्केलमधला ‘काही’ म्हणजे साधारण 5 टक्के, ‘बरीच’ म्हणजे 50, ‘बहुतेक’ म्हणजे 75, त्यामुळे एक पडकं घर बघून गाव संपवू नका, गल्लीबोळातून फिरा आणि धड उभी असलेली घरंही मोजा.

विचारायचं कसं, इथे सगळे गडबडतात. “मावशी, भांडी पडली का हो?” असं विचारलं की उत्तर हमखास “हो पडली की!” त्याऐवजी विचारा, त्या वेळी तुम्ही कुठे होता, काय करत होता, मग काय झालं. मग ती सांगते की चुलीपुढे बसले होते, आधी गाडी गेल्यासारखा आवाज आला, मांडणीवरचे डबे वाजले, पण पडलं काही नाही, नातू पाळण्यात होता तो उठलासुद्धा नाही. एवढ्यात तुम्हाला पाच गोष्टी मिळाल्या, आणि त्यातली झोपलेलं पोर न उठल्याची गोष्ट तुम्ही विचारलीच नसती. चालणाऱ्यापेक्षा बसलेल्याला जास्त जाणवतं, वरच्या मजल्यावर आणखी जास्त, त्यामुळे माणूस कुठे होता हे प्रत्येक नोंदीत हवंच. आणि “आम्हाला काहीच कळलं नाही” म्हणणारं गाव पण नकाशावर टाका, त्याशिवाय हादरा कुठवर जाणवला याची सीमारेषा बंद होत नाही. नवीन लोकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि ते तिथूनच गाडी वळवतात.

गावातल्या विहिरीत डोकवाच. काळी माती किती, मुरूम किती, खाली मांजऱ्या (मऊसर खडक) लागला की काळा पाषाण, हे सगळं कडेला उघडं दिसतं आणि फुकटात. एकाच गावात कातळावरची वाडी आणि खोल काळ्या मातीवरची किंवा पांढरीच्या, म्हणजे जुन्या गावठाणाच्या पांढऱ्या मातीच्या, टेकाडावरची वस्ती वेगवेगळी हलते, म्हणून दोन्हीकडचे फॉर्म वेगळे भरा. पाणी गढूळ झालं का, पातळी बदलली का हे पण विचारा.

धक्के चालूच असतील, म्हणजे 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे होत राहिले तसे, तर तात्पुरता सिस्मोग्राफ लावावा लागतो. उघडा कातळ शोधा, झाड, रस्ता, पिठाची गिरणी, मोटरपंप यांच्यापासून लांब. सेन्सरचा बाण बरोबर उत्तरेला, लेव्हलचा बुडबुडा मध्यात, जीपीएस लॉक झालं का बघा, वेळ त्यावरूनच लागते आणि ती चुकली तर तो डेटा रद्दीच. झेडपीची शाळा सुरक्षित वाटते पण मधल्या सुट्टीत पोरं उड्या मारतात ते सगळं रेकॉर्ड होतं. रेकॉर्ड वाचायची जुगाडी ट्रिक: आधी पोचणारी पी लाट आणि मागून येणारी एस लाट यांच्यामधल्या सेकंदांना 8 ने गुणा, साधारण किलोमीटर मिळतात, म्हणजे 3 सेकंद आले तर भूकंप 24 किलोमीटरवर.

“साहेब, परत येणार का?” हे तर प्रत्येक ओट्यावर विचारतात. खरं सांगा, तारीख-वेळ जगात कोणी सांगू शकत नाही आणि व्हॉट्सॲपवर सांगणारा खोटं बोलतोय. पण तेवढ्यावर उठू नका. ज्या भिंतीला आरपार भेग आहे तिच्याजवळ झोपू नका म्हणावं, पत्र्यावर वाऱ्यासाठी ठेवलेले दगड उतरवा म्हणावं, हे ते आजच करू शकतात. हिंगोली-नांदेडकडे 2024 मध्ये 4.5 मॅग्निट्यूडच्या आसपासचे धक्के बसले तेव्हा प्रशासनानेही दगडांचं हेच आवाहन केलं होतं. लोकल चॅनलवाला बाईट मागेल, त्याला हसून ऑफिसचा नंबर द्या, तुमचं “छोटे धक्के बसू शकतात” हे संध्याकाळपर्यंत “मोठ्या भूकंपाचा इशारा” होतं.

इंटेन्सिटी त्याच रात्री मुक्कामावर ठरवून टाका, फॉर्म समोर ठेवून, गावागणिक. दोन दिवसांनी सगळी गावं डोक्यात एकच होतात. दोन आकड्यांमध्ये अडकलात तर ‘5 ते 6’ असं सरळ लिहा, एमएसकेमध्ये साडेपाच नसतं.