बारशाचं दुपटं आणि माळ्यावरची लोकरीची पेटी: सुई हातात घेण्याआधीची तयारी

नणंदबाई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे आमच्याकडे शिवाजी पेठेत आल्यात. दिवस गणपतीच्या आसपास भरतायत. बारशासाठी घरच्याच उरलेल्या लोकरीचं क्रोशाचं दुपटं करायचं मी ठरवलंय आणि सासूबाईंची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढलीय. तीस वर्षांची लोकर आहे ती. दिरांच्या शाळेच्या स्वेटरची निळी, नणंदेच्याच टोपऱ्याची गुलाबी, कुठल्या तरी मफलरची उरलेली हिरवी. पिस्त्याच्या रंगाचा एक गुंडा जुन्या लग्नपत्रिकेच्या घडीवर गुंडाळलेला निघाला. पत्रिकेच्या कोपऱ्यावरचं हळदीकुंकवाचं बोट अजून तसंच आहे. "वैनी, एवढ्याएवढ्याशा गुंड्यांचं काय होणार?" नणंदेनं विचारलं. दुपटं होतं, नक्की होतं, पण आधी आठवडाभर तयारी करावी लागते. ती कशी करायची ते इथं लिहून ठेवते. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर तुम्हालाही चालेल.

पहिलं काम उघडीप बघून करा. आषाढात आपल्या कोल्हापुरात चार-चार दिवस ऊन पडत नाही आणि ओलसर दिवशी पेटी उघडली की कुबट वास लोकरीत बसतो. चांगली उघडीप मिळाली की सगळे गुंडे जुन्या चादरीवर सावलीत, वाऱ्याला पसरा. प्रत्येकाचा धागा हातभर सोडून हलका ओढून बघा. मध्येच तटकन तुटला तर कसर लागलेली असते. कसर खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिकला ती खात नाही. तसा गुंडा तिथल्या तिथं वेगळ्या पिशवीत बांधा, बाकीच्यांत मिसळू नका.

मग धागा कशाचा आहे ते ओळखायचं. जुन्या गुंड्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच गेलेल्या असतात, म्हणून बोटभर तुकडा चिमट्यात धरून पाण्याच्या वाटीवर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चिमटीत चुरगळते. सूत कागदासारखं जळतं, भुरभुर राख पडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा टणक मणी होतो. हे बघणं बाळाच्या दुपट्याला फार गरजेचं आहे. दुपटं सारखं धुवावं लागणार, आणि धुण्यात खरी लोकर आटते, ॲक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकाच चौकोनात आले तर चार धुण्यांत चौकोन वाकडा होतो. शिवाय खरी लोकर कोवळ्या अंगाला टोचते. मी ती सगळी बाजूला ठेवलीय, तिचं सासऱ्यांसाठी मफलर होईल.

लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे रंग भिजवून बघितल्याशिवाय घेऊ नका. हातभर धागा कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि पांढऱ्या रुमालात घट्ट दाबा. रुमालाला जरासा जरी डाग आला तरी तो गुंडा या कामातून बाद. बाळ दुपट्याचं टोक तोंडात घालणार हे धरूनच चालायचं.

आता वजन, आणि सगळ्यात जास्त वेळ मी इथंच घालवते. घरात छोटा वजनकाटा असेल तर उत्तम, नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पिशवी घेऊन जा, कुणी नाही म्हणत नाही. आधी एक चौकोन विणून घ्यायचा. चार साखळ्यांचं (साध्या फाशांचं) कडं, त्यात तीन-तीन खांबांचे (उंच टाक्यांचे) चार गट, दर फेरीला कोपऱ्यात दोन गट, अशा चार फेऱ्या. मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरची क्रोशाची सुई आणि माझा हात, एवढ्यावर चौकोन ४ इंचांचा होतो आणि साधारण १० ग्रॅम लोकर घेतो. त्यातले ४ ग्रॅम एकट्या शेवटच्या फेरीत जातात. सहा गुणिले आठ, म्हणजे ४८ चौकोन मांडले की २४ बाय ३२ इंचांचं दुपटं तयार होतं. आतल्या तीन फेऱ्या रंगीबेरंगी ठेवल्या तर २८८ ग्रॅम लोकर उरल्यासुरल्यातून निघते. शेवटची फेरी मात्र ४८ चौकोनांना एकाच रंगाची हवी. तिचे १९२ ग्रॅम, जोडणी आणि काठाचे १२० ग्रॅम, म्हणजे ३१२; थोडी जास्तीची धरून एका रंगाची सव्वातीनशे ग्रॅम लोकर आधी बाजूला काढून, पिशवीला गाठ मारून ठेवायची. या पिशवीला मध्येच हात लावायचा नाही.

हे मी एवढं बजावून सांगतेय, कारण भावाच्या मुलीच्या दुपट्याला मी उलटं केलं होतं. चौकोन आधी विणले, जोडणीचं पुढचं पुढं बघू म्हटलं. शेवटच्या दोन ओळींना मोतिया लोकर संपली. त्याच नंबरची दुसरी आणली, दुकानातल्या दिव्याखाली तीच दिसली. पण रंगवण्याचा घाणा बदलला की त्याच नंबरात फरक पडतो. जोडून झाल्यावर उजेडात त्या दोन ओळींची पिवळसर रेघ उठून दिसली, ती आजही दिसते. भाची आता शाळेत जाते आणि तेच दुपटं मांडीवर घेऊन बसते, तरी माझी नजर आधी त्या रेघेवर जाते.

पेटीत एका रंगाची सव्वातीनशे ग्रॅम लोकर असणं कठीण. तेव्हा घरातला जुना स्वेटर बघा. सासऱ्यांचा मोतिया, कोपरांवर विरलेला, हातविणीचा स्वेटर मिळाला आणि माझं काम झालं. उसवण्याआधी त्याची आतली शिवण तपासा. तिथं कापड कापून ओव्हरलॉक मारलेला असेल तर लांब धागा निघणार नाही, नुसते हात-हातभर तुकडे हातात येतील. शिवण टाक्यांनी जोडलेली असेल तर ती आधी सोडवा आणि मग गळ्या-खांद्याकडून उसवायला घ्या. वीण बहुतेक खालच्या पट्टीपासून सुरू केलेली असते, खालून ओढत बसलात तर गुंता होतो. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवा आणि खाली हलकं वजन अडकवून सावलीत टांगा. कुरळा झालेला धागा सरळ होतो. पावसात याला दोन-तीन दिवस धरा.

सुईचं थोडक्यात. बारीक सुताच्या रुमालांच्या स्टीलच्या सुया या कामाला नकोत. ४ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई घ्या आणि तिचं नाक बोटावर फिरवून बघा. खरखरीत असेल तर दर टाक्याला धाग्याचा पदर फाटतो. धाग्याची शेवटं खोचायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई, छोटी कात्री, आणि शर्टाच्या खोक्यातल्या पुठ्ठ्याचा बरोबर ४ इंचांचा चौकोन. विणलेला प्रत्येक चौकोन या पुठ्ठ्यावर ठेवून बघायचा. गुंडा लोळू नये म्हणून मी तो तांब्यात ठेवते.

रंग जुळवायच्या आधी गुंडे जमिनीवर मांडा आणि मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढा. वेगळे वाटणारे दोन रंग फोटोत एकच करडे दिसले तर ते शेजारी ठेवू नका, लांबून सपाट दिसतात. आमची गुलाबी आणि हिरवी अशीच निघाली, मी दोघींमध्ये पिस्ता घातला.

शेवटांचा हिशेबही आधीच मांडा. चौकोनाला चार रंग, प्रत्येक रंगाची दोन शेवटं, म्हणजे आठ. ४८ चौकोनांची ३८४ होतात. ती शेवटी खोचू म्हणून ठेवलेली दुपटी मी माळ्यावर पडलेली बघितलीत. धागा तोडताना सहा इंच ठेवा आणि चौकोन सुईवरून उतरला की त्याची शेवटं तिथंच तीन दिशांनी खोचून टाका. नुसत्या गाठीवर भरवसा नको, धुण्यात ती सुटते. रोज दोन चौकोन झाले तर २४ दिवस, जोडणी आणि काठाला आणखी आठवडा.

अस्तर लावायचंच. क्रोशाच्या भोकांत बाळाची बोटं अडकतात. त्यासाठी नवं कापड आणू नका, घरातलं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं त्याहून चांगलं. त्याच्या उरलेल्या पट्ट्यांचं पायपुसणं होतं. कापड फुकट घालवायचं नाही ही सवय आपल्याकडं जुनी आहे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला, माग वाढत गेले तशा चिंध्याही वाढल्या, आणि चिंध्यांची वाकळ तर त्याआधीपासून घरोघरी होतीच. खणाचा तुकडा हाताला लागला तर तो कुंचीला ठेवा. दुपट्याला झालर, मणी, गोंडे काही लावू नका, आणि झोपलेल्या बाळाच्या अंगावर ते सैल पांघरू नका. ते मांडीवर आणि खाली अंथरायला.

सगळं जमलं की शेवटची एक गोष्ट. सव्वातीनशे ग्रॅमच्या पिशवीतून मोतिया लोकरीची छोटी गुंडी काढून कागदी पाकिटात घाला आणि वर कुठल्या दुपट्याची ते लिहा. बारशाच्या दिवशी दुपट्याबरोबर ती नणंदेच्या हातात द्यायची. काठ कधी उसवला तर रंग शोधत बाजारात फिरायला नको.