वर्षातल्या आवडत्या नव्या जॅझ अल्बमची यादी कशी करावी

मित्राने एवढंच विचारलं होतं, "तुझ्या यादीत चौथ्या नंबरवर जो अल्बम आहे, त्यात ड्रम्स कोण वाजवतंय?" मला सांगता येईना. ड्रमरचं नाव सोडा, त्या अल्बममधली एखादी जागाही आठवेना. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी ती यादी उरकली होती. दहातले चार अल्बम नीट ऐकलेले, तीन कानावरून गेलेले आणि उरलेले तीन इतरांच्या याद्यांत सारखे दिसले म्हणून माझ्याही यादीत येऊन बसलेले. त्या फजितीनंतर पद्धत बदलली. ती अशी.

आधी 'नवा' आणि 'वर्ष' यांचा अर्थ ठरवा

जॅझमध्ये हे वाटतं तितकं सरळ नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने ६ मार्च १९६३ रोजी आपल्या चौकडीसह मुद्रित केलेलं संगीत 'बोथ डायरेक्शन्स ॲट वन्स' या नावाने २०१८मध्ये बाजारात आलं. पियानोवादक थेलोनियस मंक आणि कोल्ट्रेन यांच्या १९५७च्या कार्नेगी हॉलमधल्या मैफिलीच्या टेप अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडल्या आणि अल्बम २००५मध्ये निघाला. प्रकाशनाच्या तारखेने दोन्ही 'नवे'. पण त्यांना आजच्या वादकांच्या रांगेत उभं केलं तर आज पोटतिडकीने वाजवणाऱ्या तिशीतल्या सॅक्सोफोनवादकाला कोल्ट्रेनशी झुंजावं लागतं. हे मला पटत नाही.

म्हणून वहीत दोन पानं ठेवा. एक नव्या मुद्रणांचं, दुसरं कपाटातून बाहेर निघालेल्यांचं. सीमारेषा तुमची तुम्ही आखा. मी दहा वर्षं धरतो. दोन वर्षांपूर्वीची मैफल आज प्रसिद्ध झाली तर ती नवीच. जुन्या अल्बमची नुसती नवी आवृत्ती कुठल्याच पानावर नको, मग ती कितीही मोलाची असो. (मोलाची असू शकतेच. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या मुद्रणाच्या पहिल्या सत्रात टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी कित्येक वर्षं जराशी चढ्या सुरात ऐकू येत राहिली. १९९०च्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये ते दुरुस्त झालं.)

आता वर्ष. ग्रॅमीचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं चालत नाही आणि 'डाउनबीट' मासिकाच्या समीक्षकांचा कौल वर्षाच्या मध्यावर येतो. शिवाय बहुतेक याद्या डिसेंबर उजाडता उजाडता बंद होतात, त्यामुळे डिसेंबरात निघालेला अल्बम ना या वर्षात, ना पुढच्या. माझं वर्ष म्हणून १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर.

वही आजच उघडा

कागदाची असो वा फोनमधली. प्रत्येक अल्बमसाठी हवं ते एवढंच: कधी ऐकला, कोणाचा, सगळे वादक कोण, लेबल (म्हणजे अल्बम काढणारी कंपनी) कुठलं आणि ऐकताना लिहिलेलं एखादं वाक्य. वादकांची नावं लिहायचा कंटाळा करू नका. स्ट्रीमिंगच्या ॲपमध्ये अनेकदा मुख्य कलाकाराचंच नाव ठळक दिसतं आणि साथीदार शोधावे लागतात. बॅण्डकॅम्पवर (कलाकार आपलं संगीत थेट विकतात ते संकेतस्थळ) किंवा लेबलच्या स्वतःच्या पानावर ती नावं बहुधा मिळतात. जॅझमध्ये साथीदार म्हणजे अर्धा अल्बम.

ते एक वाक्य मात्र जपून लिहा. २०२१च्या 'प्रॉमिसेस'चं उदाहरण घेऊ. इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा हा अल्बम. पहिल्यांदा ऐकून मी लिहिलं, 'शांत, सुंदर, ध्यान लागल्यासारखं'. हे शब्द शंभर अल्बमना चालतील, म्हणजे कुठल्याच अल्बमचे नाहीत. दुसऱ्या वेळी लिहिलं, 'सात सुरांची छोटी आकृती सुरुवातीपासून फिरून फिरून येते. सँडर्स थांबला की मी तिचीच वाट बघतो. चौथ्या भागात तो सॅक्सोफोन बाजूला ठेवून तोंडानेच काहीबाही पुटपुटतो. सहाव्यात तंतुवाद्यं उसळून येतात.' आज हे वाचलं की अल्बम कानात सुरू होतो.

नवे अल्बम शोधायचे ते माणसांच्या मागे जाऊन

१० जुलै २०१५पासून जगभर नवं संगीत शुक्रवारी प्रसिद्ध होतं, त्यामुळे शुक्रवारी दहा मिनिटं काढून आपल्या पसंतीच्या लेबलांची पानं चाळली तर पहिली खेप हाती लागते. प्रत्येक लेबलचा आपला कान असतो. ब्लू नोट १९३९पासून चालू आहे आणि आजही अमेरिकन जॅझच्या मुख्य धारेतली बरीच नावं तिथे दिसतात. म्युनिकच्या मानफ्रेड आयखरने १९६९मध्ये काढलेलं इसीएम त्याच्या मोकळ्या, दूरवर घुमणाऱ्या ध्वनीमुळे ओळखू येतं. शिकागोचं इंटरनॅशनल अँथम छोटं, पण धाडसी. तीन-चार लेबलं पुरेत. सगळ्यांच्या मागे लागलात तर ऐकायला वेळ उरणार नाही.

पण खरा खजिना साथीदारांच्या दोरीला बांधलेला असतो. गिटारवादक मेरी हॅल्व्हर्सनचा २०२२चा 'अमॅरिलिस' ऐकताना मागे व्हायब्राफोनचे (धातूच्या पट्ट्यांवर वाजवायचं वाद्य) सूर धुक्यासारखे पसरत होते. वहीत नाव पाहिलं, पॅट्रिशिया ब्रेनन. तो धागा धरून गेलो तर २०२४मध्ये तिचा स्वतःचा सातजणांचा 'ब्रेकिंग स्ट्रेच' हाती आला, आणि त्यात 'अमॅरिलिस'मधलाच ट्रम्पेटवादक ॲडम ओफॅरिल. तसंच विजय अय्यरच्या २०२१च्या 'अनईझी'चं. तिघांचाच संच: पियानोवर अय्यर, बासवर लिंडा मे हान ओ, ड्रम्सवर टायशॉन सोरी. ओच्या मागे गेलात तर 'द ग्लास अवर्स' (२०२३), सोरीच्या मागे गेलात तर 'मेस्मरिझम' (२०२२), आणि पुन्हा त्या तिघांकडेच वळलात तर 'कम्पॅशन' (२०२४). एका अल्बममधून तीन निघाले, तेही कोणाची शिफारस न घेता.

इतरांच्या याद्या वाचूच नयेत असं म्हणणं नाही. फक्त नोव्हेंबर संपेपर्यंत त्या उघडू नका आणि उघडल्यावर त्यांच्याकडून नावं घ्या, क्रमांक घेऊ नका.

तीनदा ऐका, तीन वेगळ्या दिवशी

सगळी मेहनत इथे आहे. हिशोब आधी मांडतो. आठवड्याला दोन नवे अल्बम म्हणजे वर्षाला सुमारे १००. त्यांतले ४० दुसऱ्यांदा ऐकावेसे वाटतात, २० तिसऱ्यांदा. एकूण १६० बैठका, म्हणजे आठवड्याला तीन. नोकरी-संसार सांभाळून जमतं.

पहिल्या वेळी काही करू नका. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, कारण त्यावर डबल बास जवळजवळ नाहीसा होतो आणि बास गेला की मजल्याविना घर उरतं. साधा हेडफोनही चालेल. हातात दुसरं काम असलं तरी हरकत नाही. काम थांबवून मान वर करायला लावणारी जागा आली का, एवढंच लिहा.

दुसऱ्या वेळी एकच वाद्य धरा, आणि ते मुख्य कलाकार वाजवत असलेलं नको. सॅक्सोफोनवादकाचा अल्बम असेल तर बास धरा, पियानोवादकाचा असेल तर ड्रम्स. चार्ल्स लॉइडचा 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमारो' हा दोन तबकड्यांचा अल्बम १५ मार्च २०२४ला, त्याच्या ८६व्या वाढदिवशी आला. पहिल्यांदा अर्थातच कान लॉइडच्या विरत जाणाऱ्या सॅक्सोफोनवर. दुसऱ्यांदा मी फक्त ब्रायन ब्लेडचे ड्रम्स ऐकले आणि अल्बमच बदलला. साथ करताना तो किती वेळा काहीच वाजवत नाही, हे ऐकण्यासारखं आहे.

याच बैठकीत फॉर्म पकडायचा प्रयत्न करा. जॅझमधल्या पुष्कळ रचना ठरलेल्या बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) आवर्तनावर फिरतात. ब्लूज बहुधा १२ बारांचा, जुन्या धाटणीची गाणी ३२ बारांची: आठ-आठ बारांचे चार तुकडे, त्यांतला तिसरा वेगळा. सवय नसेल तर माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'वर हात बसवा. बास प्रश्न विचारतो, बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. १६ बार एका सुरावटीत, मग आठ बार सगळं अर्ध्या पायरीने वर आणि शेवटचे आठ पुन्हा मूळ जागी. ही चढ-उतार सोलो चालू असतानाही ओळखू यायला लागली की वादक कुठे ओळ ओलांडतोय, कुठे समेवर आल्यासारखा अचूक उतरतोय ते कळतं. सगळ्या नव्या अल्बमना ही मोजपट्टी लागू पडत नाही. कित्येकांत ठरलेला फॉर्मच नसतो. तिथे एवढंच पाहा: एकाने काही सुचवलं तर दुसऱ्याच्या वाजवण्यात फरक पडतो का? पडत नसेल तर ते चौघे एका खोलीत बसून वेगवेगळे रियाज करतायत.

तिसरं ऐकणं किमान महिन्याभराने. नाव वाचूनच एखादी जागा आठवली तर अल्बम टिकला. काहीच आठवत नसेल तरी एक संधी द्या. अवघड अल्बम तिसऱ्या वेळी दार उघडतात आणि गोड अल्बम बहुधा तिसऱ्याच वेळी कंटाळवाणे होतात.

लांबलचक अल्बमचं काय? कमासी वॉशिंग्टनचा २०१५चा 'द एपिक' तीन तबकड्यांचा, जवळपास तीन तासांचा. असा अल्बम एका बैठकीत ऐकून त्याच्यावर राग काढू नये. एका वेळी एक तबकडी.

हे जॅझ आहे का?

या प्रश्नावर वर्ष वाया घालवता येतं. आंद्रे ३०००ने २०२३च्या नोव्हेंबरात रॅप बाजूला ठेवून बासऱ्यांचा 'न्यू ब्लू सन' काढला, नाला सिनेफ्रोच्या 'एंडलेसनेस'मध्ये (२०२४) हार्प आणि सिंथेसायझर आहेत, मकाया मॅक्रेव्हन मैफिलीतलं उत्स्फूर्त वादन नंतर कापून-जोडून वेगळीच रचना घडवतो. मी एकच कसोटी लावतो: वाजवणारा त्या क्षणी काही ठरवतोय असं ऐकू येतं का? येत असेल तर आत. तुमची कसोटी वेगळी असू द्या, पण जानेवारीत लिहून ठेवा आणि डिसेंबरात एखादा लाडका अल्बम आत घ्यायचा म्हणून ती वाकवू नका.

छाटणी आणि क्रम

जूनच्या शेवटी एकदा वही वाचा आणि ज्यांच्यासमोरचं वाक्य वाचून काहीच आठवत नाही त्यांच्यावर काट मारा. ऑक्टोबरात फक्त वर्षाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांतले अल्बम पुन्हा लावा, कारण ताजं ऐकलेलं नेहमी मोठं वाटतं आणि हिवाळ्यातले अल्बम बिचारे मागे पडतात.

शेवटी वीसेक उरतील. त्यांना गुण देऊ नका. मी एक वर्ष दहापैकी गुण दिले होते, बारा अल्बमना साडेआठ मिळाले. त्यापेक्षा जोड्या लावा: आज रात्री या दोघांतला एकच ऐकायचा असेल तर कुठला? जिंकलेला पुढे, हरलेला खाली. तासाभरात क्रम तयार होतो, तोही मनातला. इथेच कळतं की एखादा अल्बम तुम्हाला महत्त्वाचा वाटतो, पण लावावासा वाटत नाही. त्याबद्दल आदर ठेवा आणि त्याला खाली पाठवा. यादी आवडत्यांची आहे.

दहाच हवेत असा नियम नाही. सातच उरले तर सात.

यादी कोणाला दाखवणार असाल तर प्रत्येकासमोर वहीतलं वाक्य टाका, सगळे वादक लिहा आणि कुठून ऐकायला सुरुवात करावी तो एक ट्रॅक सांगा. तो पहिलाच असला पाहिजे असं नाही. विशेषणं काढून टाका. 'अप्रतिम'च्या जागी 'चौथ्या ट्रॅकवर बास एकटाच दोन मिनिटं वाजतो' असं लिहिलं तर वाचणारा खरंच तो ट्रॅक लावतो.

यादी बंद झाली की पानाखाली रेघ मारा आणि तिच्याखाली चार ओळी मोकळ्या सोडा. मार्चमध्ये गेल्या वर्षीचा एखादा अल्बम हमखास हाती लागतो. तो त्या ओळींवर तारखेसह लिहा, वरच्या क्रमाला हात लावू नका. माझ्या २०२४च्या पानावर रेघेखाली तीन नावं आहेत. तिन्हींमध्ये व्हायब्राफोन आहे, आणि हे माझ्या गेल्या आठवड्यात लक्षात आलं.